तीन तारांची बेस आणि 'आधी स्केल शिक'

या वेळचं पत्र जुळे सोलापुरातून आलंय, थोडं कापून देतोय.

"दादा, मी एका टॉवेल एक्स्पोर्टवाल्यांच्या ऑफिसात बिलिंगला आहे. कॉलेजात असताना सेकंडहँड बेस गिटार घेतली, तिची सगळ्यात बारीक तार आधीच तुटलेली होती, मी ती बसवलीच नाही, तीन तारांवरच शिकले. शिकले म्हणजे काय, आपलं आपण करत गेले. उजव्या हाताचा नुस्ता अंगठा वापरते, कधीकधी डाव्या हाताच्या बोटात स्टीलच्या नळीचा तुकडा घालून तारेवरनं सरकवते. बँडमध्ये मी, एक ढोलकीवाला आणि गाणारी मैत्रीण एवढेच, गोंधळ, ओव्या, थोडी स्वतःची गाणी असं करतो. आता पुण्याहून परत आलेला एक गिटारिस्ट आलाय, ग्रेडच्या परीक्षा दिलेला. तो म्हणतो तुला टेक्निकच नाही, आधी स्केल शिक, टू फिंगर शिक, मग म्युझिकचं बोल. मैत्रीण म्हणते शिकलीस की तुझं वेगळेपण गेलं. त्यात एका ऑर्केस्ट्रावाल्यांनी गणपतीसाठी विचारलंय. क्लास लावू का आहे तसंच वाजवू? चांगलं म्युझिक करायला टेक्निक लागतंच का? – तीनतारी"

तीनतारी, नाव भारी घेतलंयस. उत्तर आधी देतो, पाल्हाळ नंतर. टेक्निक लागतं. पण टू फिंगर, म्हणजे उजव्या हाताच्या दोन बोटांनी आलटून पालटून तार छेडणं, एवढंच म्हणजे टेक्निक नाही, आणि ग्रेडचं सर्टिफिकेट म्हणजे पण टेक्निक नाही. माझ्या लेखी टेक्निक एवढंच की काल जे वाजवलंस आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला ते आज परत मुद्दाम वाजवता आलं पाहिजे, त्याच सुरात, त्याच लयीत, आणि ढोलकीवाल्यानं जरा पळवलं तर तेवढंच पळवून. हे जमतंय? मग तुझ्याकडं टेक्निक आहे, कुठल्या पुस्तकात नसेना का. जमत नाही, कधी लागतं कधी हुकतं? मग ती स्टाइल नाही गं, तो योगायोग आहे.

आता हे जे लोक सांगत फिरतात ना की अमक्याला काहीच येत नव्हतं तरी तो केवढा मोठा झाला, ती गोष्ट बहुतेक वेळा अर्धीच सांगितलेली असते. सगळ्यात जास्त नाव निघतं सेक्स पिस्टल्स या इंग्लंडच्या पंक रॉक बँडच्या सिड व्हिशसचं. 1977 ला त्यांचा बेसवाला ग्लेन मॅटलॉक बँडमधनं बाहेर पडला आणि त्याच्या जागी सिड आला, दिसायला एकदम पोस्टर, वाजवायच्या नावानं बोंब. लेमी, मोटरहेड बँडचा बेसवाला, त्याला शिकवायला बसला होता, पण काही जमलं नाही असं लेमीनंच नंतर सांगितलंय. मग त्याच वर्षी त्यांचा जो अल्बम आला, ज्याच्यामुळं आजपण त्यांचं नाव घेतात, त्यात बेस कुणाचा आहे? जवळजवळ सगळा गिटारिस्ट स्टीव्ह जोन्सचा. फोटोत सिड, रेकॉर्डवर दुसऱ्याचा हात. तेव्हा "सिडला तरी कुठं येत होतं" हे वाक्य कुणी टाकलं की एवढंच विचारायचं, बाबा तू नक्की कुणाचं वाजवणं ऐकून हे म्हणतोयस.

लेमी स्वतः मात्र वेगळी केस. तो मुळात गिटारवाला, 1971 ला हॉकविंड नावाच्या बँडमध्ये बेस त्याच्या गळ्यात पडला आणि त्यानं तो गिटारसारखाच वाजवला, एकेक सूर सोडून सरळ कॉर्ड (एकदम दोन-तीन सूर) मारत, ऍम्प म्हणजे आवाज मोठा करणारा डबा फाटेस्तोवर चढवून. नियमानं बघितलं तर सगळंच चूक, आवाज बघितला तर दुसऱ्या कुणाचा नाही. पण त्याचा उजवा हात रिदम गिटारवर आधीच पक्का झालेला होता, हे सांगायला लोक विसरतात.

तुझ्या कामाचा खरा माणूस म्हणजे मार्क सँडमन. अमेरिकेतल्या बॉस्टनकडचा, बँडचं नाव मॉर्फिन, नव्वदच्या दशकातला. बँडमध्ये बेस, बॅरिटोन सॅक्सोफोन आणि ड्रम. गिटार नाही. (हे वाक्य तुझ्या गिटारिस्टला लगेच दाखवू नकोस.) त्याच्या बेसला दोनच तारा असायच्या आणि बोटात स्लाइड, म्हणजे तुझी नळीच की. तुझ्याकडं तर एक तार वर आहे! शेवटी 1999 ला इटलीत कार्यक्रम चालू असताना स्टेजवरच कोसळला आणि गेला, पण त्याच्या दोन तारांचा आवाज एकदा ऐकलास की परत लगेच ओळखशील, जड, ओढलेला, बोलल्यासारखा.

आता दोन तारा म्हटलं की लोकांना वाटतं सोपं असणार. उलटं आहे. फ्रेटवर, म्हणजे बेसच्या मानेवरच्या त्या धातूच्या पट्ट्यांवर, बोट दाबतेस तेव्हा सूर फ्रेट ठरवते, बोट जरा मागंपुढं पडलं तरी खपून जातं. स्लाइडला ती माफी नाही. नळी बरोब्बर फ्रेटच्या पट्टीवर आली पाहिजे, दोन पट्ट्यांच्या मध्ये नाही, आणि केसभर सरकली की सूर गेलाच, तिथं कानाशिवाय कुणी वाचवत नाही. शिवाय नळीच्या मागचा तारेचा तुकडा पण आपला आपला गुणगुणत असतो, तो गप्प करायला मागच्या बोटांनी तारेला हलकं टेकायला लागतं. हे तू करतेस का? करत नसशील तर हा महिना फक्त एवढंच कर. जॅको पास्टोरियस या अमेरिकन बेसवाल्यानं आपल्या फेंडर कंपनीच्या बेसच्या फ्रेट काढूनच टाकल्या होत्या म्हणे, 1976 ला त्याचा पहिला अल्बम आला आणि जगभरच्या बेसवाल्यांची झोप उडाली, पण फ्रेट काढल्यामुळं त्याचं काम कमी झालं नव्हतं, वाढलं होतं. वेगळं वाजवायचं ठरवलंस की रेडिमेड मदत जाते, म्हणजे कौशल्य जरा जास्तच लागतं, हे माझं मत, आणि तुझ्या मैत्रिणीला नेमकं हेच कळलेलं नाही.

अंगठ्याचं म्हणशील तर त्यावरनं कुणी नाक मुरडलं तर हसून सोडून दे. लिओ फेंडरनं 1951 ला बेस बाजारात आणली तेव्हा वाजवणारा अंगठ्यानंच वाजवणार असं धरलेलं होतं, त्या जुन्या बेसवर बारीक तारेच्या खालच्या बाजूला बाकीची बोटं अडकवायला एक छोटी पट्टी असायची. म्हणजे तू काय क्रांती वगैरे करत नाहीयेस, चूक पण करत नाहीयेस. आणि डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन, मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या ढीगभर हिट गाण्यांत बेस त्याचा, उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, त्या बोटाला लोक हुक म्हणायचे. तारा पण बदलायचा नाही म्हणे, तुटेपर्यंत त्याच. टू फिंगरवाल्या मास्तरानं बघितलं तर पहिल्या दिवशी हात धरेल. पण हा माणूस शाळेत मोठा उभा डबल बेस शिकलेला, क्लबात जाझ वाजवून आलेला. बोट एक, पण त्या बोटाला कुठं जायचं हे सांगणारा कान तयार होता. तुझ्या गिटारिस्टला बोटं दिसतात, कान दिसत नाही, त्याला तरी काय बोलणार.

अजून एक सांगतो, मला ही गोष्ट फार आवडते. जॉय डिव्हिजन या इंग्लंडच्या बँडचा बेसवाला पीटर हुक (नाव सारखं आहे पण वरच्या बोटाशी काही संबंध नाही) बेस फार वरच्या फ्रेटवर वाजवायचा, जवळजवळ गिटारच्या जागेत जाऊन. का? ऍम्प भंगार होता, खालचे सूर त्या गोंगाटात ऐकूच यायचे नाहीत, म्हणून बिचारा ऐकू येतंय तिथं जाऊन वाजवायला लागला. इथवर अडचण. पुढं दिवस बदलले, ऍम्प चांगले आले, तरी त्यानं ते सोडलं नाही, ते घासून घासून त्यातनंच चाली काढल्या, आणि आज वरच्या फ्रेटवरची बेस म्हटली की त्याचंच नाव येतं. तुझी तुटलेली तार तसलीच अडचण आहे. आता ती तुझी कधी होणार, तर तीन तारांत काय काय होतं आणि काय होत नाही हे तुला डोळे मिटून माहीत असेल तेव्हा. क्लॅश या पंक बँडचा बेसवाला पॉल सिमोनन तर सुरुवातीला बेसच्या मानेवर सुरांची नावं लिहून वाजवायचा, आर्ट स्कूलचा पोरगा, रेगेच्या रेकॉर्डी लावायच्या आणि त्यांच्यामागं वाजवायचं असं करत शिकला. पण शिकला ना.

हे सगळं विलायती झालं, आपल्याकडं या. तू गोंधळ वाजवतेस म्हणतेस म्हणून विचारतो, तुणतुणेवाल्याकडं कधी नीट बघितलंयस का? तुळजापूर इथनं तासाभरावर, तुला गोंधळी बघायला काय कमी. एक तार, हातात छोटीशी काडी, रात्रभर तेच. त्याला कुणी म्हणत नाही की बाबा आधी ताना घे मग तुणतुणं धर. पण त्यानं अर्धी मात्रा सोडली ना, तर संबळवाला मान वळवून बघतो आणि गाणाऱ्याचा श्वास चुकतो. आणि सूर जरा उतरला की तो बोलता बोलता खुंटी पिळतो, कुणाच्या लक्षात पण येत नाही. याला कौशल्य नाही म्हणायची हिंमत तुझ्या गिटारिस्टनं तुळजापुरात करून दाखवावी.

आता तुझ्या बँडचं. बेस आणि ढोलकी दोघांचा मिळून जो प्रॉब्लेम होतो तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ढोलकीच्या धूमचा घुमारा खालच्या पट्टीतला, तुझी जाड तार मोकळी, म्हणजे कुठंच न दाबता, छेडलीस तर साधारण 41 हर्ट्झ, म्हणजे दोघं खालच्याच मजल्यावर. प्रत्येक धूमवर तू पण दणका दिलास तर दोन्ही एकमेकांत जाऊन नुस्ता चिखल होतो, हॉलमध्ये बसणाऱ्याला ढोलकी पण नीट ऐकू येत नाही आणि तू पण नाही. त्यामुळं ढोलकीवाल्याबरोबर गाणं न म्हणता नुस्तं बसायचं, केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ठेका, लावायचा, तो बोल तोंडानं म्हणेल, तू पण म्हणायचे, आणि मग ठरवायचं की कुठल्या धूमला तू बोलणार आणि कुठं गप्प बसणार. एखाद्या आवर्तनात तू फक्त समेवर, पहिल्या मात्रेवर, आलीस तर काय होतं बघ. बेसवाल्याचं निम्मं काम गप्प बसायचं असतं, म्हणजे तार पण गप्प पाहिजे, तू सोडून दिलीस आणि ती वाजतच राहिली असं नको. अंगठ्यानं वाजवतेस तर तळहाताची कड ब्रिजपाशी (तारा खाली जिथं अडकवतात तिथं) तारांना टेकव, आवाज थपथप, आखूड आणि गोल येतो, मला तर ढोलकीबरोबर तोच आवडतो. न वाजणाऱ्या बारीक तारेवर बोटं टेकलेली ठेव. मोठ्या बॉक्सवर एक मोकळी तार जरी गुरगुरत राहिली तरी सगळं गाणं गढूळ होतं.

आणि प्रॅक्टिस मोबाइलवर रेकॉर्ड करतेस ना? करत नसशील तर कर. पण ऐकताना हेडफोन लाव, मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला खालचे सूर काढताच येत नाहीत, तू म्हणशील मी वाजवलंच नाही. दोन दिवस जाऊ दे, मग ऐक. लगेच ऐकलं की आपलं आपल्याला सगळंच गोड लागतं.

मैत्रिणीचं भय मला कळतं, पण पटत नाही. मोहिनी डे बघ, मुंबईची, वडील स्वतः बेसवाले, त्यांनी लहानपणापासनं बसवून घेतलं, पुढं रणजित बारोट, रहमान यांच्याबरोबर वाजवलं. एवढं शिकून तिचं वेगळेपण गेलं का? चार सूर ऐकले की कळतं कोण आहे ते. शिकल्यानं वेगळेपण जातं हे खरं असतं तर अख्खी गायकी एकाच आवाजात आली असती. हां, एक होतं, शिकायला लागलं की काही दिवस सगळ्यांसारखंच वाजायला लागतं, हात नवीन गोष्टीच्या मागं असतो. तेवढे दिवस तुझ्या मैत्रिणीनं जरा दम धरावा.

स्केलचं म्हणशील तर गिटारिस्टचं सगळंच उडवून लावू नको. त्याचा क्रम चुकीचा आहे, मुद्दा पूर्ण चुकीचा नाही. तुला बारा मेजर बारा मायनर पाठ करायची आत्ता काही गरज नाही, पण सा कुठंही असला तरी त्याच्या भोवतीचं घर तुला माहीत पाहिजे. आणि ते तीन तारांत बसतं, बघ. जाड तारेवर कुठल्याही फ्रेटला सा धर. पुढच्या तारेवर त्याच फ्रेटला मध्यम. त्याच तारेवर दोन फ्रेट पुढं पंचम. तिसऱ्या तारेवर, पंचमाच्याच फ्रेटला वरचा सा. झालं. सा मधल्या तारेवर धरलास तर मागच्या जाड तारेवर त्याच फ्रेटला खालचा पंचम, हा गोंधळाला लई कामाला येतो. तुटलेल्या तारेची यात कुठं गरज पडली सांग? एवढं सगळ्या मानेवर बसवलंस, डोळे मिटून, सावकाश मेट्रोनोमला, की तुझ्या बँडसाठी पुरे आहे.

ऑर्केस्ट्राचं मात्र वेगळं आहे आणि तिथं मी तुला गोड बोलणार नाही. तिथं तुझं वेगळेपण कुणी मागितलेलं नाही. तिथं गाणारा दादा माइकवर येणार, मागं न बघता "काळी एक" म्हणणार, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा सा, आणि गाणं सुरू. तुझ्या मोकळ्या तारा पांढरी तीन, पांढरी सहा आणि पांढरी दोन. काळी एकला यातली एकपण सा नाही, पंचम पण नाही, आणि स्वतःचं स्वतः शिकलेल्याला मोकळ्या तारांचा फार लळा असतो, तुला पण असणार. पुढची ताई काळी चारमध्ये, मग परत काही नाही. सगळं दाबूनच वाजवायला लागणार. लोकांना सिनेमाच्या गाण्याची बेसलाइन जशी ऐकलीय तशीच पाहिजे असते, त्यात नळी सरकवायला गेलीस तर ऑर्गनवाला तिथंच डोळे वटारेल. आजकाल बरेच ऑर्केस्ट्रे बेस कीबोर्डवरच काढतात नाहीतर सरळ ट्रॅक लावतात, तरी ते तुला बोलावतायत म्हणजे त्यांना हाताचा बेस पाहिजे, ही चांगली गोष्ट आहे. माझं ऐकशील तर हो म्हण. एका सीझनमध्ये क्लासच्या वर्षभरात होत नाही एवढा कान तयार होतो, सा बदलला की हात आपोआप सरकतो. त्यांच्याकडनं आधी गाण्यांची यादी घे, प्रत्येक गाण्यापुढं पट्टी लिहून घे, आणि ज्या गाण्यात तीन तारा खरंच कमी पडतायत तेवढ्यापुरती चौथी बसव. ऑर्केस्ट्रात चौथी तार लावल्यानं तुझ्या बँडचा धर्म बुडत नाही, घरी आलीस की काढ.

क्लासचं विचारलंस. बेसचा चांगला सर मिळाला तर लाव, पण पहिल्या भेटीत त्याला तुझं वाजवणं ऐकव, तो ऐकायच्या आधीच हात दुरुस्त करायला लागला तर चहा पिऊन परत ये. ऐकून जर म्हणाला की लय छान आहे पण सूर जरा खाली लागतोय, तर त्याचे पाय धर. बेसवाला नाहीच मिळाला तर सरळ तबल्याच्या क्लासला जा, सहा महिने ठेके शिक, सोलापुरात तबल्याच्या गुरुजींची काही कमी नाही. बेसवाल्याला तबला येणं हे बेसवाल्याला स्लॅप (अंगठ्यानं तार ठोकून वाजवणं) येण्यापेक्षा शंभरदा कामाचं, निदान तुम्ही जे वाजवता त्यासाठी तरी.

गिटारिस्टशी भांडू नको. त्याला गोंधळ वाजवायला लाव. कागद न देता, तू वाजवतेस तो ठेका दे आणि म्हण, तुला सुचेल ते कर, फक्त सा सोडू नको. त्याला जमलं तर तुमचा बँड चौघांचा झाला, आणि नाही जमलं तर तो स्वतःच विचारेल हे कसं धरायचं, मग तू त्याला ते शिकव आणि तो तुला मायनर स्केल शिकवू दे. मला वाटतं तो तुझ्यापेक्षा जास्त घाबरलेला आहे, ज्या जागेत गिटारची सोयच नव्हती तिथं येऊन बसलाय.

आणि हो, ऑर्केस्ट्राचे पैसे रात्रीचे किती, दहा दिवसांचे किती, येण्याजाण्याचं आणि जेवणाचं काय, रात्री उशीर झाला तर घरी सोडणार कोण, हे सगळं फोनवर नको, मेसेजवर लिहून घे, आणि निम्मे ॲडव्हान्स. गणपती उठल्यावर फोन उचलत नाहीत लोक.